लिव्हर मधातच होता

धर्मेंद्रचा फोन आला तेव्हा नीलम दुकानाचं शटर वर सरकवत होती. बोट सुरू होत नाही, म्हणाला. किल्ली फिरवली तर हूं नाही की चूं नाही. पिंजऱ्यातली मासळी कालपासून उपाशी आहे, खाद्याची पोती काठावर पडून आहेत.

"मले बोटीतलं काय समजते रे?" नीलम म्हणाली.

"बॅटरी हाय, किल्ली हाय, सेल्फ हाय. ट्रॅक्टरच समज ना ताई, फक्त पान्यावरचा."

अकोटला बाजार समितीच्या रस्त्यावर नीलमचं वाइंडिंगचं दुकान होतं. आयटीआय करून तिनं ते टाकलं तेव्हा 'पोरीच्या हातची मोटार कोन घेईन' असं म्हणणारे पुष्कळ होते. आता कापसाच्या हंगामात जिनिंगवाले तिच्या बाकड्यावर येऊन बसत, आणि ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटार, आसपासच्या गावांतून तिच्याकडेच येई. धर्मेंद्र तिचा धाकटा भाऊ. अमरावतीतली नोकरी सोडून तो परत आला होता आणि गावातल्या गटासोबत बोरखडीच्या धरणात जाळीचे पिंजरे टाकून मासळी वाढवत होता. भावाला नाही म्हणणं नीलमला कधी जमलंच नव्हतं. तिनं पिशवीत मीटर, टेस्ट लॅम्प, पक्कड, पेचकस भरलं आणि स्कुटी सातपुड्याच्या बाजूला वळवली.

जानेवारीतलं ऊन होतं. धरण गच्च भरलेलं, काठाला काळ्या मातीचा चिखल, आणि पाण्यात दूरवर पिंजऱ्यांची निळी पिंपं तरंगताना दिसत होते. बोट बरीच जुनी होती. मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंग क्लबातून गटानं ती आणली होती. फायबरचा पांढरा रंग पिवळा पडलेला, मागे टांगलेलं इंजीन काळवंडलेलं. इंजिनाचं काम सोपं जावं म्हणून धर्मेंद्रनं बोटीचं तोंड पाण्याकडे आणि बूड काठाकडे करून मागच्या कडीला दोर लावला होता. दोराचं दुसरं टोक काठावरच्या बाभळीच्या खुंटाला होतं.

"हे घाल आंधी," त्यानं नारिंगी जाकीट तिच्या हातात दिलं. नीलमला पोहता येत नव्हतं.

"अन् तू?"

"मी काय बुडून राहिलो?"

तो लहानपणापासून विहिरीत उड्या मारत आलेला. नीलमनं वाद घातला नाही. जाकिटाचे बंद आवळले आणि हलत्या बोटीत जपून पाय टाकला.

काम सुरू झालं तसा तिचा जीव थाऱ्यावर आला. डोळ्यांसमोर तारा आल्या की पायाखालचं पाणी ती विसरत असे. तिनं आधी बॅटरी पाहिली. मीटर लावलं, बॅटरी भरलेली होती. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली होती ती खरवडून काढली, तारा पुन्हा आवळल्या.

"मार किल्ली."

धर्मेंद्र पुढच्या सीटवर स्टेअरिंगपाशी बसला होता. त्यानं किल्ली फिरवली. काहीच नाही.

"हॉर्न दाब." हॉर्न ठणठणीत वाजला. पलीकडे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं उचलत असलेल्या पार्बताबाईनं मान वर करून पाहिलं. भोई घरातली ही बाई, धरण भरलं तेव्हापासून याच पाण्यावर मासे मारत आली होती. गटाच्या पिंजऱ्यांवर तिचं उगाचच लक्ष असायचं. "काय झालं वं पोरी?" तिनं तिथूनच विचारलं.

"बिमार पडली गटाची नाव," नीलम म्हणाली, आणि पार्बताबाई हसून पुन्हा जाळ्याकडे वळली.

हॉर्न वाजतो म्हणजे करंट पुढपर्यंत येतो आहे. फ्यूज शाबूत होता. नीलमनं किल्लीच्या मागची चकती उघडून तिथं लॅम्प लावला. किल्ली फिरवली की लॅम्प पेटत होता, म्हणजे किल्लीही बरी. मग ती मागं इंजिनापाशी आली, वरचं झाकण काढलं आणि बॅटरीची एक जाड तार थेट सेल्फला लावून पाहिली. सेल्फ गुर्रकन फिरला, इंजिनाचं वरचं जड चाक, चाकोळा, त्याच्यासोबत अर्धा वेढा फिरला, तिनं तार लगेच काढली. किल्ली बंद होती, त्यामुळे इंजीन पेटायचा प्रश्न नव्हता.

"सेल्फ चांगला हाय. किल्ली चांगली हाय. दोघांच्या मधात कोठीतरी करंट मरते."

"मंग शोध ना."

ती तारेचा माग काढत गेली. किल्लीकडून आलेली पिवळी तार इंजिनात शिरून एका बोटाच्या पेराएवढ्या बटणात जात होती आणि तिथून पुढं सेल्फकडे. बटणाच्या अलीकडे लॅम्प पेटला. पलीकडे पेटला नाही.

"सापडला चोर," ती म्हणाली.

हे बटण कशाचं, ते तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. नव्या ट्रॅक्टरलाही असतं. गाडी गिअरमध्ये असली तर सेल्फ लागू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. गिअर मोकळा असला तर बटण दाबलेलं राहतं आणि करंट पुढं जातो.

"धर्म्या, लिव्हर कोठी हाय?"

"मधात."

"नीट पाय."

"मधातच हाय ना बावा. तू ये अन् पाय."

तिनं उठून पाहिलं. स्टेअरिंगच्या बाजूचा लिव्हर सरळ उभा होता. पुढं ढकलला की बोट पुढं, मागं ओढला की मागं, मधात म्हणजे मोकळी. तिनं स्वतःच्या हातानं तो पुढं-मागं करून पुन्हा मधात आणला. लिव्हर मोकळा आणि बटण तरी उघडं, म्हणजे बटणच गेलं. इतकी जुनी वस्तू, जायचीच. ट्रॅक्टरवर तिनं असली मेलेली बटणं किती बाजूला काढली होती त्याची गणती नव्हती. नवं येईपर्यंत दोन तारा एकमेकींना जोडून द्यायच्या, शेतकऱ्याचं काम अडत नाही.

"बटन मेलं. सध्या डायरेक्ट करून देतो. अकोल्याहून दुसरं मागवू."

"कर. मासोळ्या मरून राहिल्या उपाशी."

तिनं दोन्ही तारांची टोकं सोलली, पीळ दिला, वरून टेप गुंडाळली. धर्मेंद्रनं पेट्रोलचा रबरी फुगा दाबून इंजिनाला तेल चढवलं. गार इंजिनासाठी रेस वाढवायची एक वेगळी पट्टी होती, ती वर उचलली. मग अर्धवट उठून त्यानं बहिणीकडे मागं पाहिलं. नीलम झाकण काढलेल्या इंजिनावर वाकलेली होती. तिनं मान हलवली.

त्यानं किल्ली फिरवली.

इंजीन पहिल्याच झटक्यात पेटलं, आणि त्याच क्षणी बोट तिच्या पायांखालून निघून गेली.

नीलमला आपण पडल्याचं कळलं नाही. तिला आभाळ दिसलं, मग नाकातोंडात पाणी गेलं, मग जाकिटानं तिला वर ओढलं. पायाला चिखल लागला. काठ जवळच होता, पाणी तिच्या छातीइतकं. तिनं डोळे पुसले तेव्हा दोर ताणून तारेसारखा झाला होता आणि बोट त्याच्या टोकाला थरथरत, आडवी होत होती. मग जुन्या फायबरमधून कडी उखडली. त्या हिसक्यानं धर्मेंद्र बाजूच्या कठड्यावरून पाण्यात फेकला गेला. बोट रिकामी झाली.

ती थांबली नाही. कुणाचाच हात नसलेलं स्टेअरिंग एका अंगाला वळलं आणि बोट धरणात गोल फिरू लागली.

एखादं जनावर बिथरून खुंट्याभोवती फिरावं तशी ती फिरत होती. इंजिनाचा आवाज एकसुरी आणि कर्कश. धर्मेंद्र पाण्यातून वर आला, डोक्यावरचे केस मागे सारले आणि आजूबाजूला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तो त्या गोलाच्या आत होता. तो काठाकडे पोहू लागला आणि बोट वळून त्याच्या अंगावर आली.

तो बुडी मारून खाली गेला. बोट वरून गेली. तो पुन्हा वर आला, आता तोंड उघडं, श्वास घेत. पुन्हा काठाकडे चार हात मारले. बोट पुन्हा आली.

नीलम छातीभर पाण्यात उभी होती. ती ओरडली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लिव्हर मधात होता. मी माझ्या हातानं मधात आणला होता. मग बोट चालतेच कशी? ती त्या प्रश्नापाशी खिळून राहिली, जणू त्याचं उत्तर सापडलं की बोट आपोआप थांबेल. तिच्या डोळ्यांसमोर भाऊ तिसऱ्यांदा पाण्याखाली गेला, आणि या वेळी वर येताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही. भोवतीचं पाणी आधी तपकिरी झालं, मग लाल.

पार्बताबाई केव्हा आली ते नीलमनं पाहिलंच नाही. तिला दिसलं ते इतकंच की तराफा गोलाच्या काठाशी आहे, म्हातारी गुडघ्यांवर बसलेली आहे आणि दोन्ही हातांनी जाळं पाण्यात सोडते आहे, भराभर, गोळाच्या गोळा, बोटीच्या वाटेत. बोट वळून आली, जाळ्यावर चढली. इंजिनाचा आवाज जड झाला, घोगरा झाला, आणि बंद पडला.

मग इतकी शांतता झाली की काठावरच्या बगळ्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

"पोरी, हात दे," पार्बताबाई म्हणाली. ती धर्मेंद्रला काखेत धरून तराफा काठाला आणत होती. "आता उभी राहू नको. हात दे मले."

नीलमचे पाय तेव्हा हलले. दोघींनी त्याला चिखलात ओढून घेतलं. त्याची पोटरी बाहेरच्या बाजूनं उघडी पडली होती, कापडाचा गठ्ठा फाडावा तशी. नीलमनं ओढणी काढून गुडघ्याखाली बांधली, गाठीत पेचकस अडकवलं आणि पिळलं. रक्त थांबेपर्यंत पिळत राहिली. तिच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं, ती मात्र तिथं नव्हती. गावातली माणसं धावत आली, कुणी तरी गाडी बोलावली. धर्मेंद्र शुद्धीवर होता. तो कण्हतही नव्हता. टक लावून आभाळाकडे पाहत होता.

अकोटच्या दवाखान्यात सलाइन लावून त्यांनी अकोल्याला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये नीलम शेजारी बसून होती. अकोल्याला पोचल्यावर नर्स म्हणाली, "ताई, ते द्या इकडं," तेव्हा तिला कळलं की पेचकस आपल्या मुठीतच आहे. अकोटला डॉक्टरांनी ओढणी सोडून नीट पट्टी बांधली होती, तेव्हा ते तिच्या हातात आलं असावं. बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून उघडली.

धर्मेंद्रची बायको आचल दुपारपर्यंत आली. ऑपरेशन चालू होतं. "काय झालं ताई? बोटीनं कसं काय लागलं त्यायले?"

"म्या तारा जोडल्या," नीलम म्हणाली.

"कोनत्या तारा?"

"दोन तारा होत्या. म्या जोडल्या."

आचलला काही समजलं नाही. तिनं नणंदेच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, आपली शाल काढून तिच्या अंगावर टाकली आणि शेजारी बसली. नीलमला वाटत होतं, हिनं शाल टाकू नये. हिनं उठून दोन मुस्काटात द्याव्यात.

पाय वाचला. मात्र पाऊल वर उचलणारी नस तुटली होती. ती जोडली आहे, डॉक्टर म्हणाले, पण किती काम करेल ते पुढचे महिने सांगतील. तोवर पट्टा घालून चालावं लागेल.

दोन दिवसांनी नीलम धरणावर गेली. कुणी बोलावलं नव्हतं. बोट गटातल्या माणसांनी काठावर ओढून ठेवली होती, इंजिनाखालच्या पंख्याला जाळं अजून घट्ट गुंडाळलेलं. पार्बताबाई विळ्यानं ते कापत बसली होती. जाळं नवं होतं, त्याचा तुकडाही कामाचा राहिला नव्हता.

नीलमनं आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढून दूर फेकल्या. मग ती पार्बताबाईशेजारी बसली आणि दोघी मिळून जाळं सोडवू लागल्या. शेवटचा वेढा निघाला तेव्हा पार्बताबाईनं पंख्याचं पातं धरून फिरवायचा प्रयत्न केला.

"हे फिरत नाही वं."

"फिरन. लिव्हर मधात हाय." नीलमनं उठून पाहिलं. लिव्हर अजून सरळ उभा होता, तिनं ठेवला होता तसाच.

"नाही फिरत. तू पाय."

नीलमनं पातं धरलं. जोर लावला. पंखा जागचा हलला नाही. इंजीन अजून गिअरमध्ये होतं.

ती किती वेळ पातं धरून बसली कुणास ठाऊक. मग उठून तिनं लिव्हरखालचा डबा उघडला. लिव्हरपासून इंजिनाकडे एक लांब केबल जात होती. तिचा माग काढत नीलम मागं आली. केबल जिथं इंजिनापाशी अडकवलेली असते तिथली पितळी पकड झिजून तुटली होती, केबल नुसती लोंबत होती. लिव्हर कुठेही न्या, इंजिनाला त्याची खबरच नव्हती. शेवटच्या खेपेला बोट पुढच्या गिअरमध्ये राहिली होती ती तशीच होती. ते बटण इंजिनाच्या आत बसवलेलं होतं. ते लिव्हरकडे पाहत नव्हतं, गिअरकडे पाहत होतं. ते मेलं नव्हतं. बोट गिअरमध्ये आहे, सुरू करू नका, एवढंच ते त्या सकाळपासून सांगत होतं.

नीलम बोटीच्या कडेला टेकून खाली बसली. पार्बताबाईनं तिची पाठ धरली.

"तुले मालूम होतं का?" म्हातारी म्हणाली.

"मालूम करायले पायजे होतं ना. पंखा हातानं फिरवून पाह्यला असता तं झालं असतं. एवढंसं काम."

पार्बताबाईनं तांब्यातलं पाणी नीलमच्या हातावर ओतलं.

नीलम तशीच अकोल्याला गेली. धर्मेंद्रला वॉर्डात आणलं होतं. उशीला टेकून तो खिडकीबाहेर पाहत होता. तिनं खुर्ची ओढली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. केबलची पकड, गिअर, बटण, आपण जोडलेल्या तारा. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती, म्हणून थांबली नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले आदल्या दिवशी लिव्हर हलका लागला होता. पोकळ. म्या म्हनलं, ग्रीस संपलं असन."

"तू काहून सांगतलं नाही?"

"तू पाह्यला ना तो. म्या म्हनलं, ताईनं पाह्यला."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा झोपेत बडबडत होता. मग धर्मेंद्रनं मान वळवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं. "ताई, तू आवाज काहून नाही देला? मी वर येऊ तवा तू उभी दिसे. नुसती उभी."

"निघाला नाही रे."

"मले वाटे, तू एक डाव तरी 'धर्म्या' म्हनशीन."

"निघालाच नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. रागावलेला नव्हता. खरंच त्याला समजून घ्यायचं होतं, आणि तिलाही. शेवटी त्यानं डोळे मिटले. "मलेही नाही निघाला," तो म्हणाला. "बुडी मारून मारून एकच दिसे. बोटीचं बूड. पांढरं. अजून दिसते."

तो घरी आल्यावर गटानं बोट विकायचं ठरवलं, मग पुन्हा नको म्हटलं. खाद्याची पोती तराफ्यावरून नेणं जमत नव्हतं. नवी केबल आली, पकड आली. नीलमनं जोडलेल्या तारा स्वतः सोडवल्या आणि बटण पुन्हा मध्ये घेतलं. जीव राखणारी दोरीही आणली. ती चालवणाऱ्यानं मनगटाला बांधायची, माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजीन बंद होतं. पूर्वीची दोरी हरवली होती आणि कुणी तरी त्या जागी प्लास्टिकचा तुकडा खोचून ठेवला होता. पार्बताबाईला गटानं नवं जाळं दिलं. ते तिच्या झोपडीबाहेर गठ्ठा बांधलेलंच पडलं होतं. त्या दिवसानंतर ती पाण्यावर उतरली नव्हती.

फाल्गुनात एका सकाळी बोट पाण्यात सोडली. धर्मेंद्र पट्टा बांधलेला पाय ओढत आला. सगळ्यांनी नको म्हटलं तरी किल्ली आपणच मारणार म्हणाला. अंगात जाकीट होतं, मनगटाला दोरी. नीलमनं पंखा हातानं फिरवला. तो मोकळा फिरला. तिनं पुन्हा फिरवला. मग ती बाजूला झाली.

इंजीन लागल्याचा आवाज आला. बोट जागची हलली नाही. माणसं हसली, कुणी तरी टाळी वाजवली.

नीलमला हे नंतर लोकांकडून कळलं, आवाज येताच ती पळत सुटली होती. भान येऊन तिनं पाहिलं तेव्हा ती धरणाच्या भिंतीवर, पार वर, रस्त्याच्या कडेला उभी होती. चपला खाली कुठे तरी राहिल्या होत्या. पळस फुलला होता आणि खालून इंजिनाची घरघर येत होती. भिंतीच्या दगडावर, धरणाकडे पाठ करून, पार्बताबाई बसलेली होती.

नीलम तिच्याशेजारी बसली. खालचा आवाज हळूहळू लांब गेला.

"गेला का तो?" पार्बताबाईनं विचारलं.

"गेला असन पिंजऱ्याकडे."

"पाहून राहिली का तू?"

"नाही."

"मीबी नाही," म्हातारी म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून तिनं नीलमच्या अनवाणी पायांवर बसलेली मुंगी झटकली.